तारेखालून नंदी

खांब सेवाग्रामकडून येत होते. आमचं गाव त्यांच्या वाटेवर, सेलू रोड आणि सिंदीच्या मध्ये. मी नागपूरला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते आणि रोज पॅसेंजरने अप-डाऊन करायची. खांब कुठवर आले याची बातमी वर्ध्याहून बसून आलेल्या बायका आणायच्या. मी डब्यात पाय ठेवते न ठेवते तोच आतून आवाज यायचा, "वरूड झालं वो! आता सेलू रोडले खड्डे खोदून राह्यले." एखादी वरात वेशीपाशी आल्याचं सांगावं तसं. मग पुढचा अर्धा तास तेच. आमच्याकडे कधी, सिंदीला कधी, दिवाळीच्या आत की नंतर.

एवढी उत्सुकता कशाची, असं कुणी विचारेल. ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला नाही तेच विचारतील. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, आमची पॅसेंजर कोळशावर चालायची. खिडकीशी बसलं की डोळ्यात कण जाणारच. फिकट रंगाची साडी नेसून ऑफिसला जायची सोय नव्हती. पुढे डिझेलचं इंजिन आलं, कोळसा गेला, उशीर तेवढा राहिला. बोरखेडीला नाहीतर बुटीबोरीला आम्हाला बाजूच्या लाइनीवर उभं करायचे आणि मेल, एक्स्प्रेस, मालगाडी, ज्याला म्हणून घाई असेल त्याला पुढे सोडायचे. ऑफिसात साहेबांना मी रोज खरं कारण सांगायची आणि त्यांना ते रोज खोटं वाटायचं. आता जादा लाइनी पडत होत्या, स्टेशनचा फलाट लांब होत होता, वरून विजेची तार येणार होती. विजेचं इंजिन चटकन वेग घेतं, म्हणून मध्ये आणखी एक पॅसेंजर बसवता येईल, असं सगळे म्हणत होते. माझा विचार साधा होता. गाडी वेळेवर गेली तर सकाळी भाजी नीट शिजवून निघता येईल आणि संध्याकाळी उजेडात घरी येता येईल. मला विजेकडून एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी मी प्रत्येक खांबावर नजर ठेवून होते.

माझं माहेर आर्वी. तिकडे पुलगावहून एक छोटी गाडी जायची, खेळण्यातली वाटावी अशी. आमच्याकडे खांब लागल्याचं ऐकून माझे वडील म्हणाले, "तुमच्या गाडीले तार लावून राह्यले, तं आमच्या गाडीले निदान एक बैल तरी द्या म्हणा. लवकर पोचू."

बैलावरून आठवलं, कारण सांगायची गोष्ट बैलाचीच आहे.

आमच्या गावाचे रेल्वेने दोन भाग केलेले. रुळांपलीकडे जुनं गाव: देऊळ, ग्रामपंचायत, बाजार, मैदान. रुळांअलीकडे आम्ही, टेसनवाले. जुन्या गावाच्या लेखी आम्ही मागून आलेले. आमच्या घराण्याला येऊन तीन पिढ्या झाल्या तरी मागूनच आलेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी होतो, या दिवशी लाकडाचे नंदी सजवून मैदानात नेतात. सिंदीचे नंदी तर बघायला बाहेरगावची माणसं येतात. आमचं गाव त्या तोडीचं नव्हतं, पण प्रत्येक आळीचा एक मोठा नंदी असायचा आणि जुन्या गावातल्या पाटलांचा सगळ्यांत उंच. टेसनवाल्यांचा नंदी होता कमरेएवढा. तो रेल्वेचं फाटक ओलांडून गेला की मैदानातून ठरलेली आरोळी यायची, "आली का बकरी टेसनाची?"

माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, ही आरोळी जन्मभर ऐकली होती. शेवटी त्यांनी घरचं सागवान काढलं, सुताराला अंगणात बसवलं आणि दोन उन्हाळे खर्चून नवा नंदी घडवला. छाती रुंद, मान ताठ, शिंगं सरळ आभाळात. उभा राहिला तेव्हा आमच्या ओसरीच्या कौलांना लागला. खाली त्याला लाकडाची छोटी चाकं होती, पण ती रुळाशेजारच्या फटीत अडकतील म्हणून त्याला बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, चढवून न्यायचं ठरलं. बंडीवर चढवल्यावर तो पाटलांच्या नंदीहून उंच होणार, हेही ठरवण्यात होतंच. मामाजींनी पारावर जाहीर केलं, "यंदा माहा नंदी मैदानात गेला नाई, तं पुढे मी मैदानात पाय ठेवत नाई." ते बोलले की बोलले. एकदा भावाशी बोलणं टाकलं ते कायमचं टाकलं होतं. म्हणून घरात कुणी हसलं नाही.

आणि नेमक्या त्याच वर्षी खांब आमच्या गावात शिरले.

तारेचं काम करणाऱ्या टोळीचा सुपरवायझर आमच्याच बाहेरच्या खोलीत भाड्याने राहायला आला. आंध्राकडचा, हिंदी त्याच्या पद्धतीची, जेवणात चटणी आमच्याहून तिखट. संध्याकाळी मी गाडीतून उतरून आले की त्याला पहिला प्रश्न विचारायची, "भैया, कहाँ तक आया?" तोही मोठ्या हौसेने सांगायचा. मी स्वतः तार ओढणारी गाडी पाहिली. तिच्या छपरावर माणसं उभी, हातात नट आवळायचे पाने, आणि तांब्याची तार उन्हात नव्या बांगडीसारखी चमकत होती. त्या दिवशी आमची पॅसेंजर तिच्यामुळेच अडकली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा उशिराचा मला राग आला नाही.

तारेबरोबर फाटकाच्या दोन्ही अंगांना, रस्त्यावर, लोखंडी कमानी उभ्या राहिल्या. दोन खांब आणि वर आडवी दांडी. या दांडीखालून जे जाईल तेच तारेखालून जाईल. कापसाचा उंच भरलेला ट्रक असो की कुटाराची, म्हणजे भुशाची, गाडी, दांडीला लागली तर मागे फिरा. सुपरवायझरने मामाजींना समोर बसवून समजावलं, "बाबूजी, तार को छूना भी नहीं पड़ता. पास गए तो भी पकड़ लेगी."

"आमचा नंदी पास जाईन?"

"दांडी के नीचे से निकल गया तो कोई डर नहीं."

मामाजी दुसऱ्याच दिवशी बांबू घेऊन कमानीखाली गेले. दांडीला टेकेल एवढा बांबू कापला आणि घरी आणला. नंदीला बंडीवर चढवलं, बांबू शेजारी उभा केला. शिंगांची टोकं बांबूच्या हातभर खाली. अख्ख्या आळीने येऊन बघितलं. फाटकवाला ड्युटी संपवून मुद्दाम आला, मान वाकडी करून त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "जाते बाप्पा. आरामात जाते." त्यानंतर तो बांबू मामाजींच्या हातातून सुटला नाही. शेतात जाताना तोच, पारावर बसताना तोच. कुणी नंदीचं नाव काढलं की बांबू जमिनीवर आपटायचे.

इकडे आळीतल्या बायकांनी बाशिंग करायला घेतलं. बैलाला पोळ्याच्या दिवशी शिंगांवर बाशिंग बांधतात, तसं नंदीलाही. हे काम बायकांचं, आणि माझ्या सासूबाईंच्या हुकमाखालचं. यंदा वीज येणार म्हणून बाशिंगात वीज हवी, असं त्यांनी ठरवलं. मला फर्मान निघालं, "सूनबाई, नागपुरातून ते रंगीत बल्ब आणजो. बारीक बारीक, माळेचे. अन् बेगड आणजो सोनेरी." मी ऑफिस सुटल्यावर सीताबर्डीवर जाऊन बल्बची माळ, बेगड, जिलेटीनचे कागद आणले आणि गाडीत मांडीवर सांभाळत घरी नेले. डब्यातल्या बायकांनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघितली आणि सल्ले दिले. एकीने मोरपिसं सुचवली, दुसरीने आणून दिली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा झाला, त्यावर कागद, त्यावर बेगड, बल्ब, आणि सगळ्यांत वर मोरपिसांचा तुरा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बल्ब लावून बघितले तेव्हा सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी लग्न झाल्यापासून त्यांना टाळ्या वाजवताना पाहिलं नव्हतं.

बाशिंग नंदीच्या शिंगांवर चढलं तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी, पूजेनंतर. रीत तशीच आहे. आधी चढवत नाहीत, आणि एकदा चढवलं की मैदानात तोरणाखालून जाईपर्यंत उतरवत नाहीत. बांबूने मोजताना नंदी बोडका होता. ही गोष्ट आळीतल्या एकाही माणसाच्या डोक्यात आली नाही, माझ्याही नाही. आमच्याकडे बैल मोजतात तेव्हा बैलच मोजतात. बाशिंगासकट कोण मोजतो?

त्या दिवशी नागपूरच्या ऑफिसांना सुट्टी असते, म्हणून मी होते. पाऊस उघडला होता. आळीतल्या माणसांनी बंडीला दोर लावले, डफडं वाजायला लागलं आणि आमचा नंदी पहिल्यांदा रस्त्यावर निघाला. मामाजी पुढे, खांद्यावर बांबू. फाटक उघडं होतं. रुळांपलीकडे जुनं गाव गोळा झालेलं, पाटलांचा नंदीही बंडीवर उभा दिसत होता. आम्ही कमानीशी पोचलो. शिंगं दांडीखाली अलगद येणार एवढ्यात वर टक्कन आवाज झाला. बाशिंगाचा तुरा दांडीला लागला आणि मोरपिसं मागे वाकली.

बंडी थांबली. डफडं थांबलं. मामाजींनी वर बघितलं, मग खांद्यावरच्या बांबूकडे बघितलं.

पलीकडून आरोळी आलीच. "काय झालं वो टेसनवाले? नवरदेव रुसला काय?"

"बाशिंग उतरवा," फाटकवाला म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. तिकडे गेल्यावर घाला परत."

"उतरवा?" सासूबाई बायकांतून पुढे आल्या. "तोरणाच्या आधी बाशिंग उतरवते काय कोणी? ज्याच्या घरी काही वाईट झालं त्याच्या बैलाचं उतरते. तुह्या बैलाचं उतरव."

"मग नंदीले सांगा मान खाली घाल म्हणून."

"तुह्यासारखी सवय नाई त्याले."

लोक हसले. मामाजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा मी एवढा उतरलेला पाहिला नव्हता. बंडी मागे फिरवायची म्हटलं तर त्यांचं मैदान कायमचं सुटलं. बाशिंग उतरवायचं म्हटलं तर सासूबाई आणि रीत, दोन्ही आड. दोघा-तिघांनी दांडीच वर उचलून बघू म्हणून हात लावला. तेवढ्यात सुपरवायझर धावत आला आणि असा ओरडला की हात आपोआप खाली आले. "तार चालू है! दांडी को कोई हाथ नहीं लगाएगा! दांडी हमारी नौकरी है और तुम्हारी जान है!"

मी बंडीकडे बघत उभी होते. रोज गाडी पकडणाऱ्या माणसाला रडत उभं राहायला वेळ नसतो, काय करता येईल ते बघायची सवय लागते. मी म्हटलं, "मामाजी, नंदीला चाकं आहेत ना? मग बंडी कशाला? खाली उतरवा. बंडीएवढी उंची आपोआप कमी झाली."

"चाकं फटीत जातीन, सूनबाई. म्हणून तं बंडी."

"फटीवर फळ्या टाका. किराणा दुकानाच्या दाराच्या फळ्या आहेत की."

दुकानदार गर्दीतच होता. आधी तो "माह्या फळ्या?" म्हणाला, मग सगळ्यांनी त्याच्याकडे बघितल्यावर स्वतःच दुकानाकडे पळाला. नंदीला उतरवायला आळीतले सगळे पुरुष लागले. माझे पती एका पायाखाली खांदा देऊन होते आणि तिथूनच मला म्हणाले, "तुले अजून काही सुचत असन तं आताच सांग." नंदी जमिनीवर टेकला, दोर ओढले, आणि तो कमानीखालून बाशिंगासकट गेला. वर चांगली दोन वीत जागा उरली. डफडं पुन्हा सुरू झालं.

आणि फाटकवाल्याच्या केबिनमध्ये फोन वाजला.

त्याने फोन ठेवला आणि आमच्या नाकासमोर फाटक लावलं. "गाडी येऊन राह्यली."

"आता कोणती गाडी?" मी विचारलं. मला आमच्या मार्गावरच्या गाड्या तोंडपाठ होत्या, या वेळी एकही नव्हती.

फाटकवाल्याने सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझर लग्नघरातल्या माणसासारखा हसत होता. "बिजली का इंजिन," तो म्हणाला. "ट्रायल. पहला."

क्षणभर सगळे नंदीला विसरले. मीसुद्धा. फाटकाला दोन्हीकडून माणसं चिकटली. माझ्या छातीत धडधडत होतं, आणि मी सहसा धडधडणारी बाई नाही. वर्ध्याच्या बाजूने आधी काहीच ऐकू आलं नाही. धूर नाही, धापा नाहीत. मग रूळ बारीक गुणगुणायला लागले, तार थोडी हलली, आणि वळणावरून ते आलं. समोर झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधलेले. छपरावर लोखंडी हात उंच करून त्याने तार धरली होती. आमच्यासमोरून जाताना त्याने भोंगा वाजवला आणि जुनं गाव, टेसन, सगळे एकदम ओरडले. त्या एका वेळी आरोळी दोन्हीकडची एकच होती.

इंजिन गेलं आणि सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "पाह्यलं? त्याच्या डोक्यावरचं बाशिंग तारेले लागूनच चाललं! त्याले चालते, अन् आमच्या नंदीले नाई?"

सुपरवायझरला कुणीतरी याचं हिंदी करून सांगितलं. तो इतका हसला की त्याला फाटकाला धरावं लागलं.

मी फाटकवाल्याकडे गेले. "दादा, अशी कामाची गाडी सोडली की आमच्या गाड्या मागच्या स्टेशनावर धरून ठेवतात. परवाच बसलो होतो आम्ही तसे. म्हणजे आता लगेच मागे काही नाही. स्टेशनात विचारा आणि सोडा आम्हाला." त्याने फोन केला, बराच वेळ हो-हो केलं, आणि बाहेर येऊन फाटक उघडलं. "जा. पण रुळावर आरती करत बसू नका."

फळ्या टाकल्या. एका रुळावरून नंदी सरळ गेला, दुसऱ्यावरून गेला. जुन्या गावाची माणसं आता टोमणे विसरून "हो, हो, ओढा" म्हणत होती. पलीकडच्या लाइनीवर शेवटच्या रुळाशी फळी सरकली आणि मागचं चाक फटीत बसलं. नंदी बाजूला कलला. दोर ओढले तर चाक आणखी रुतत होतं. त्यात फाटकवाल्याचा फोन पुन्हा वाजायला लागला. तो आत पळाला, आम्ही सगळे त्याच्या दाराकडे बघत राहिलो.

मामाजी मात्र चाकाकडे बघत होते. त्यांनी खांद्यावरचा बांबू उतरवला, पण उभा धरला. सुपरवायझर किंचाळला, "बाबूजी, बाँस नीचे! लिटाके! लिटाके!" मामाजींनी बांबू आडवा केला, टोक चाकाखाली घातलं आणि दुसऱ्या टोकावर अंग टाकलं. माझे पती आणि आणखी एक जण त्यांच्याबरोबर वाकले. पलीकडून जुन्या गावातली पाच-सहा माणसं न बोलावता आत आली आणि नंदीच्या पाठीला खांदे लावले. त्यांत पाटलांचा थोरला मुलगा होता. बांबू कडकडला, चाक वर आलं, आणि नंदी धक्क्याने रुळांबाहेर गेला तो थेट चिखलात थांबला. बांबू मधोमध चिरला होता.

फाटकवाला बाहेर आला. "स्टेशनातून विचारून राह्यले, नंदी गेला काय म्हणून. काय सांगू?"

"गेला म्हणून सांग," मामाजी म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता.

पुढची कमान नंदीने सहज ओलांडली. बंडी मागून रिकामी आणली होती, पण मामाजींनी नंदीला पुन्हा तिच्यावर चढवू दिलं नाही. मैदानात पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. ट्रॅक्टरची बॅटरी जोडली आणि बाशिंगाचे बल्ब लागले, लाल, हिरवे, पिवळे. मैदानातली पोरंटोरं नंदीभोवती गोळा झाली ती हलेनात. मी मात्र दोन्ही नंदी शेजारी उभे बघून मनात अंदाज घेतला. पाटलांचा नंदी बंडीवर होता, आमचा जमिनीवर. आमचा चांगलाच कमी भरत होता.

हे पाटलांनाही दिसलं. ते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "यंदाही आमचाच उंच म्हणावा लागन."

मामाजींनी चिरलेला बांबू दुसऱ्या हातात घेतला. "तुमचा बंडीवर बसून आला," ते म्हणाले. "माहा रूळ ओलांडून पायी आला."

पाटलांनी मिशीवरचा हात खाली घेतला. तोरणाखालून सगळ्यांत आधी आमचा नंदी सोडला त्यांनी. बकरीची आरोळी त्या वर्षी कुणी दिली नाही, पुढेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर उभी होते. गाडी उशिराच आली, आणि डिझेलवरच. आम्हाला विजेचं इंजिन लागायला अजून बराच वेळ होता. घरून येताना बघितलं तर मामाजी फाटकाच्या कमानीखाली उभे होते, हातात नवा बांबू, आणि शेजारी सासूबाई बाशिंगाचा सांगाडा डोक्यावर धरून. मी डब्यात चढले. आतून आवाज आला, "काय वो, तुमच्या नंदीचं काय झालं?" बातमी माझ्याआधीच गाडीत बसली होती. मी जागा करून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.